नोटपॅडमध्ये मराठी वेबपान होतच नाही?

‘मराठी वेबपान करायचं तर विकतचा फॉन्ट आणि महागडं सॉफ्टवेअर हवंच, नोटपॅडमध्ये मराठीची नुसती प्रश्नचिन्हं होतात,’ असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. प्रश्नचिन्हं व्हायची, हे खरं. पण दोष नोटपॅडचा नव्हता. फाइल ‘आन्सी’ (ANSI) या, देवनागरीला जागाच नसलेल्या जुन्या पद्धतीत सेव्ह केल्याचा होता. सेव्ह करताना ‘यूटीएफ-८’ (UTF-8, जगभरच्या लिप्या सामावणारी पद्धत) निवडलं की काम भागायचं. २०१९ साली विंडोज १०च्या नोटपॅडमध्ये तेच आपोआप निवडलेलं येऊ लागलं.

विकतच्या फॉन्टची गंमत वेगळीच. ते जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. वाचणाऱ्याकडे नेमका तोच फॉन्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा काला! त्यात ‘पुणे’ शोधलं तर सापडणार कसं? युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, देवनागरी १९९१पासून आहे, तेही फुकट.

एक गोष्ट मात्र कुठलंही साधन वापरा, हमखास राहून जाते: एचटीएमएलच्या (वेबपान ज्या भाषेत लिहितात तिच्या) पहिल्याच खुणेत ‘लँग’पुढे ‘एमआर’ (lang="mr") लिहून भाषा मराठी असल्याचं सांगणं. फॉन्टमध्ये सोय असेल, तर त्यामुळे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. मला तरी तो हिंदी वळणाचा ‘ल’ फार खटकतो.