शोधयंत्र शोधायला जातच नाही

शब्द टाकून एंटर दाबलं की गूगल जगभरच्या संगणकांवर धावत सुटतं आणि क्षणात माहिती घेऊन परत येतं, असं मानणारे बरेच जण मला भेटतात. त्यांत चांगले शिकलेलेही असतात. तसं ते खरोखर धावू लागलं, तर उत्तराची वाट बघण्यात दिवस उलटतील.

खरं काम तुम्ही विचारण्याच्या कितीतरी आधी उरकलेलं असतं. क्रॉलर नावाचे प्रोग्राम दुव्यांचा माग काढत पानं गोळा करतात आणि मग त्यांची 'उलटी सूची' तयार होते. जाड पाठ्यपुस्तकाच्या शेवटी 'गुरुत्वाकर्षण: 12, 47, 103' अशी शब्दसूची असते, तसलाच हा प्रकार. 1998 साली गूगलचे संस्थापक ब्रिन आणि पेज यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात गूगलचा आराखडा मांडला, तेव्हा त्यांच्याकडे सुमारे 2 कोटी 40 लाख पानं होती.

आता माझ्या आवडीचा भाग. समजा 'शनी' हा शब्द 3, 8, 21, 40 या क्रमांकांच्या पानांवर आहे आणि 'कडी' 5, 8, 33, 40 वर. दोन्ही शब्द असलेली पानं हवी आहेत. एक बोट 3 वर ठेवा, दुसरं 5 वर. ज्याचा आकडा लहान, ते बोट पुढे सरकवा. 3 वरचं 8 वर गेलं, मग 5 वरचंही 8 वर आलं. जुळलं! आता दोन्ही बोटं पुढे: 21 आणि 33, मग 40 आणि 33, मग 40 आणि 40. पुन्हा जुळलं. आकडे चढत्या क्रमाने असल्यामुळे मागे वळावंच लागत नाही. लाखो आकड्यांच्या याद्याही अशा एका फेरीत संपतात.

शब्द पानात कितव्या जागी आहे, याचीही नोंद असते. म्हणून "शनीची कडी" असं अवतरणचिन्हांत लिहिलं की 'शनीची' 14व्या आणि 'कडी' 15व्या जागी असलेलं पान चालतं. दोन शब्द दोन टोकांना असलेलं चालत नाही. शब्दाला चिकटवून वजाचं चिन्ह दिलं, तर त्या शब्दाच्या यादीतली सगळी पानं वगळली जातात. 'शनी कडी -साडेसाती -राशी' असं लिहून बघा. शनी हा मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा गोळा आहे. तो कुणाच्या मागे लागत नाही, पण शोधनिकालांत मात्र हात धुऊन मागे लागतो.

सगळ्या शब्दांना सारखी किंमत मिळत नाही. दुर्मिळ शब्द जास्त कामाचा, हे गणित संगणकशास्त्रज्ञ कॅरेन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये मांडलं. एकूण पानांना तो शब्द असलेल्या पानांनी भागायचं आणि लॉगॅरिदम (म्हणजे दहाचा कितवा घात, तो आकडा) घ्यायचा. 10 लाख पानांपैकी 1 लाख पानांवर 'शनी' असेल, तर भागाकार 10 आणि दहाच्या पायाने लॉग 1. 'रोश' हा खगोलशास्त्रातला शब्द फक्त 100 पानांवर असेल, तर भागाकार 10,000 आणि लॉग 4. प्रत्येक पानावर असलेल्या शब्दाचा भागाकार 1, लॉग शून्य. म्हणजे तो लिहिला काय, न लिहिला काय.

म्हणून मी दोनदा शोधतो. आधी ढोबळ शब्द टाकतो. मिळालेल्या पानातून 'रोश मर्यादा' असा पारिभाषिक शब्द उचलतो (ग्रहाच्या याहून जवळ आलेला मोठा उपग्रह भरती-ओहोटीच्या बलाने फुटू शकतो, ती ही मर्यादा) आणि तोच घेऊन पुन्हा शोधतो. 2019 पासून गूगल बर्ट नावाच्या भाषा-प्रारूपाने वाक्याचा अर्थही लावतं, त्यामुळे अख्खा प्रश्न विचारला तरी चालतं. पण नेमका शब्द हवा असेल, तर अवतरणचिन्हांना पर्याय नाही. आणि वरचा निकाल म्हणजे सत्य नव्हे. क्रम लावताना इतर पानांचे दुवे वगैरे पाहतात, खरेपणाचा दाखला कुणी देत नाही. हल्ली सगळ्यात वर येणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्तरालाही हेच लागू.

पान उघडल्यावर वरून खाली वाचत बसू नका. कंट्रोल आणि एफ एकदम दाबून शब्द टाका. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत आधी चांदणी, मग जागा सोडून शब्द लिहिला, तर फक्त तुमच्या वाचनखुणांत शोध होतो. टक्क्याचं चिन्ह दिलं, तर उघड्या टॅबमध्ये. चाळीस टॅब उघडे ठेवणाऱ्यांना हे वरदान आहे.

मराठीत मात्र एक खोच आहे. 'कडी' आणि 'कड्यांमध्ये' हे यंत्राला मुळात दोन वेगळे शब्द. सामान्यरूप त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. त्याहून मजेदार 'ताऱ्यांचा'. यातला ऱ्य युनिकोडमध्ये (म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या संकेतांकांच्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो: खास ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक आणि य. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण आतले संकेतांक वेगळे. प्रोग्रामने हा भेद मुद्दाम मिटवला नसेल, तर समोर दिसणारा शब्दही 'सापडला नाही' म्हणून सांगितलं जातं. अशा वेळी मी शब्द स्वतः टाइप न करता त्याच पानावरून उचलून चिकटवतो, की लगेच सापडतो.