प्रकाशाची पांढर

नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा गावाला आपण जातो ते संगमावर स्नानाला, केदारेश्वराच्या दर्शनाला, नाहीतर घरातल्या कुणाच्या अस्थी तापीत सोडायला. दक्षिण काशी म्हणून गावाची ख्याती आहेच. पण तापी-गोमाईच्या संगमावरचं टेकाड मुद्दाम बघायला जाणारा विरळा.

खानदेशात शेताची माती काळी, गावठाणाची पांढरी. घरं पडतात, त्यांच्या भिंतींची माती, चुलीची राख, फुटकी मडकी तिथेच राहतात आणि त्यावर पुन्हा घरं उभी राहतात. अशी पांढर चढत जाते. नदीकाठी जुनी वस्ती शोधणारे आधी हीच पांढर हुडकतात.

प्रकाशाची पांढर 1955 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापरांनी खणली. तळाशी ताम्रपाषाणयुग, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरण्याचा काळ निघाला, साधारण इ.स.पू. 1700 ते 1300. माळवा आणि जोर्वे या त्या काळच्या संस्कृतींच्या पद्धतीची रंगवलेली मडकी, गारगोटीची बारीक पाती, थोडं तांबं. मग खंड. नंतरची वस्ती थेट इ.स.पू. 700च्या सुमाराची, लोखंड वापरणारी. ती पुढे इ.स. 1100 पर्यंत नांदली. आपलं गाव अनादि काळापासून अखंड आहे असं अभिमानाने सांगितलं जातं. पांढर मात्र मधली सहा शतकं रिकामी दाखवते.

मधल्या काळात लोक का निघून गेले? पाऊस आटला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. परतले तेव्हा हातात लोखंड होतं, म्हणजे खोल मुळांच्या गवताची काळी जमीन मोडता येणार होती. हे मला पटतं. नुसत्या तांब्या-दगडाने काळी फोडणं सोपं नव्हे.

याहून जुने लोकही याच खोऱ्यात होते. तापीकाठच्या सावळद्याच्या नावाने ओळखली जाणारी मडकी चार हजार वर्षांमागची. त्यांवर बाण, मासे मारायचे गळ, भाले रंगवलेले सापडतात. त्याच काळातल्या साक्री तालुक्यातल्या कावठ्याला जमिनीत खड्डे खणून केलेली घरं निघाली. गिरणाकाठी चाळीसगाव तालुक्यातल्या बहाळला म. ना. देशपांडे यांनी उत्खनन केलं, आणि नदीपल्याड टेकवाड्याला दफनं सापडली. थापर आणि देशपांडे दोघेही पुढे पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले.

जाणार असाल तर पडक्या वाड्या-तटबंदीची अपेक्षा नको. बघायचं ते पावसाने कापलेल्या घळींत. तिथे राखेचा करडा पट्टा दिसतो, खाली-वर खापरं डोकावतात. ती ओढून काढू नका. कुठल्या थरात होतं हे कळलं नाही तर ते निव्वळ फुटकं मडकं.