स्कॅन करून ठेवलं म्हणजे जपलं?

"सगळं डिजिटल करून टाका, मग कायमचं राहील" हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की शेवटी त्यावर सविस्तर लिहायला बसलो. जुनी कागदपत्रं असोत, हस्तलिखितं, ध्वनिफिती किंवा म्युझियममधल्या वस्तूंचे फोटो असोत, लोकांच्या डोक्यात चित्र एकच असतं: पान मशीनमधून गेलं, फाईल झाली, विषय संपला. मग कोणी सांगितलं की डिजिटल हेरिटेज हा पदवीनंतर शिकायचा वेगळा विषय आहे, म्युझियम, अर्काइव्ह आणि लायब्ररीत काम करणाऱ्यांसाठी त्याचे एमए-एमएससीचे कोर्स असतात, तर पहिला प्रश्न ठरलेला, स्कॅनिंग शिकायला एवढी वर्षं कशाला? तर स्कॅनिंग हा त्यातला छोटा भाग आहे, आणि बराच सोपा. अवघड पुढे आहे. पन्नास वर्षांनी कोणी ती फाईल मागितली तर ती तीच आहे, उघडतेय आणि बघणाऱ्याला कळतेय, हे छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे, ते कसं सांगायचं हे शिकण्यात त्या कोर्सचा बराच वेळ जातो.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ब्रिटनचं. इंग्लंडमध्ये १०८६ साली जमीन-मालमत्तेची मोठी नोंद झाली, तिला डूम्सडे बुक म्हणतात. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवीन डूम्सडे केलं, दहा लाखांहून जास्त लोकांनी त्यात भाग घेतला, त्यात शाळेतली मुलं खूप होती, त्यांनी आपापल्या भागाबद्दल लिहून पाठवलं, फोटो काढले, नकाशे आणि आकडेवारी जोडली आणि हे सगळं लेझरडिस्कवर, म्हणजे सीडीसारख्या पण मोठ्या चकतीवर गेलं. ती डिस्क वाचायला एक खास प्लेअर आणि ठराविक बनावटीचा कॉम्प्युटर लागायचा. साधारण पंधरा वर्षांत ती दोन्ही यंत्रं दुर्मिळ झाली, शेवटी लीड्स आणि मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी त्या जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे एम्युलेटर लिहिला, तेव्हा २००२ च्या सुमारास ते परत बघता आलं. १०८६ चं चर्मपत्र मात्र आजही वाचता येतं.

ही गोष्ट सांगितली की लोक लगेच म्हणतात, बघा, शेवटी कागदच बरा. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. चर्मपत्र टिकलं कारण नऊशे वर्षं कोणी ना कोणी ते सांभाळत होतं, शिवाय ते वाचायला डोळे सोडून दुसरं काही लागत नाही. डिस्कचं म्हणाल तर तिच्यावरचा डेटा काही उडून गेला नव्हता, तो वाचणारं यंत्र गेलं होतं. म्हणजे "फाईल टिकली" असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर वेगवेगळे प्रश्न एकत्र विचारत असतो. बिट (म्हणजे फाईल ज्या ० आणि १ ची बनलेली असते ते) तेच आहेत का, ते बिट उघडणारं काही आहे का, आणि उघडल्यावर जे दिसतं त्याचा अर्थ कोणाला लागतो का. मला यातला पहिला प्रश्न सगळ्यात जास्त आवडतो त्यामुळे त्यावरच जास्त लिहिणार आहे.

आधी थोडा हिशोब करू. ए-फोर आकाराचं एक पान ४०० पीपीआयने, म्हणजे दर इंचाला ४०० ठिपके घेऊन रंगीत स्कॅन केलं तर साधारण दीड कोटी ठिपके होतात, प्रत्येक ठिपक्याला लाल-हिरवा-निळा असे तीन बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट), म्हणजे काही न दाबता, कॉम्प्रेस न करता ठेवली तर फाईल जवळपास ४६ एमबीची. बिटमध्ये मोजलं तर एका पानाला ३७ कोटी. हार्ड डिस्कवर हे बिट म्हणजे चुंबकत्वाच्या दिशा, पेनड्राइव्हमध्ये अडकवून ठेवलेला विद्युतभार, लिहिता येणाऱ्या सीडीवर रंगद्रव्यात झालेला बदल, आणि यातलं काहीही हळूहळू बिघडू शकतं, भार गळतो, रंगद्रव्य उडतं. कॉपी करताना खराब केबल किंवा खराब मेमरीमुळे सुद्धा एखादा बिट उलटतो, आणि वाईट म्हणजे तेव्हा कुठलाही एरर मेसेज येईलच असं नाही.

३७ कोटींपैकी एक बिट उलटला तर काय बिघडलं? ते फाईल कशी ठेवलीय त्यावर आहे. टिफ नावाच्या चित्राच्या फॉरमॅटमध्ये, न दाबलेल्या फाईलमध्ये, चित्राच्या डेटातला एक बिट गेला तर एका ठिपक्याचा रंग बदलेल, कोणाला दिसणारही नाही. जेपेगमध्ये तोच एक बिट पुढचं अर्धं चित्र घालवू शकतो, कारण जेपेग जागा वाचवताना वारंवार येणाऱ्या किमतींना छोटे कोड देतं आणि क्वचित येणाऱ्यांना लांब, आणि दोन कोडच्या मध्ये फट ठेवत नाही, त्यामुळे एक कोड कुठे संपला हे आधीचं सगळं बरोबर वाचलं तरच कळतं. मध्ये एक बिट उलटला की कोडच्या सीमा सरकतात आणि पुढे चुकीचंच वाचलं जातं. त्यात भर म्हणजे जेपेग चित्राच्या छोट्या छोट्या चौकटी पाडतं, आणि प्रत्येक चौकटीचा सरासरी उजेड आधीच्या चौकटीशी असलेल्या फरकाच्या रूपात लिहिलेला असतो, म्हणून वाचन योगायोगाने परत जाग्यावर आलं तरी पुढचा रंग घसरलेलाच राहतो. काही फाईलमध्ये मध्ये मध्ये सावरायच्या खुणा टाकतात पण त्या असतीलच याची खात्री नाही. म्हणून अर्काइव्हमध्ये मूळ प्रत न दाबलेल्या किंवा काहीही न गमावता दाबलेल्या रूपात ठेवतात, आणि वेबसाइटवर दाखवायला वेगळी जेपेग काढतात.

पण एक बिट उलटला हे कळणार कसं? लाखो फाईल डोळ्याने तपासणं शक्यच नाही. इथे येतो चेकसम, म्हणजे फाईलवरून गणिताने काढलेला, तिची ओळख पटवणारा छोटा आकडा, आणि हल्ली त्यासाठी जे हॅश (असा आकडा काढायच्या पद्धती, आणि त्यातून येणारा आकडाही) वापरतात त्यातलं शा-२५६ मला गणितातली अतिशय सुंदर गोष्ट वाटते. फाईल कितीही मोठी असो, शा-२५६ तिच्यातून २५६ बिटांचा एक आकडा काढतं, सोळाच्या पायात (० ते ९ आणि ए ते एफ वापरून) लिहिला तर ६४ अक्षरं. फाईल तीच तर आकडा तोच, कुठल्याही मशीनवर, कधीही. आणि फाईलमध्ये एकच बिट बदलला तर २५६ पैकी साधारण निम्मे बिट बदलतात, म्हणजे नवा आकडा जुन्यासारखा दिसतच नाही.

हे होतं कसं ते बघा. फाईलचे ५१२ बिटांचे तुकडे पाडतात. आत बत्तीस-बत्तीस बिटांचे आठ आकडे असतात, त्यांची सुरुवातीची किंमत म्हणजे पहिल्या आठ मूळ संख्यांच्या, म्हणजे २, ३, ५ पासून १९ पर्यंतच्या वर्गमुळांच्या दशांशचिन्हापुढच्या भागाचे पहिले ३२ बिट. मग प्रत्येक तुकड्यासाठी ६४ फेऱ्या. एका फेरीत काही आकड्यांचे बिट गोल फिरवतात, फिरवलेल्या प्रती एकमेकांशी ताडून जिथे वेगळं तिथे १ आणि जिथे सारखं तिथे ० असं करतात, तुकड्यातून तयार केलेला एक आकडा मिळवतात, एक ठरलेला स्थिरांक मिळवतात, बेरीज ३२ बिटांच्या बाहेर गेली तर वरचं सोडून देतात, आणि आठही आकडे एकेक घर पुढे सरकवतात. ६४ फेऱ्यांचे ६४ स्थिरांक येतात पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांतून. वर्गमुळं-घनमुळंच का, तर कोणाला असा संशय नको की बनवणाऱ्याने मुद्दाम असे आकडे निवडले ज्यात चोरवाट आहे, ही मुळं कोणीही स्वतः काढून पडताळू शकतं. बिट फिरवल्याने बदल आडवा पसरतो, बेरजेतल्या हातच्याने वरच्या बाजूला चढतो, आणि सरकवल्याने आठही आकड्यांत जातो, त्यामुळे सुरुवातीला उलटलेला एक बिट थोड्याच फेऱ्यांत सगळीकडे पोचतो. पत्ते पिसण्यासारखं आहे, फक्त इथे पिसण्याची प्रत्येक हालचाल आधीपासून ठरलेली. शक्य आकडे किती, तर २ चा २५६ वा घात, म्हणजे १ वर ७७ शून्यं एवढे. दोन वेगळ्या फाईलचा हॅश योगायोगाने एकच येण्याची काळजी कोणी करत नाही.

आता हा आकडा नुसता काढून उपयोग नाही. फाईल आत घेताना हॅश काढून नोंदवायचा, ठराविक काळाने परत काढायचा, जुळवायचा, जुळला नाही तर दुसऱ्या ठिकाणची चांगली प्रत आणून बसवायची. म्हणजे प्रती अनेक पाहिजेत, त्या लांब लांब आणि शक्यतो वेगळ्या प्रकारच्या साधनांवर पाहिजेत. आणि हॅशची यादी फाईलच्या शेजारीच ठेवली तर मुद्दाम फेरफार करणारा माणूस दोन्ही बदलेल, म्हणून तिची एक प्रत वेगळीकडे. स्टॅनफर्डमध्ये १९९९ च्या सुमारास सुरू झालेल्या लॉक्स या लायब्ररींच्या व्यवस्थेत तर प्रती एकमेकींना तपासतात, आणि दरवेळी एक नवीन यादृच्छिक आकडा फाईलच्या आधी जोडून मग हॅश मागतात. का? कारण एखाद्या ठिकाणी फाईल हरवली असेल आणि फक्त जुना हॅश लिहून ठेवला असेल तर तो पाठवून वेळ मारून नेता येऊ नये, नवीन आकड्यासह हॅश काढायला फाईल खरोखर हातात लागते. मला ही कल्पना फार आवडते.

हॅशही म्हातारे होतात हे लक्षात ठेवायला हवं. शा-१ नावाच्या जुन्या पद्धतीत २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या लोकांनी दोन वेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या ज्यांचा हॅश एकच येतो. आपोआप होणारा बिघाड पकडायला जुनी पद्धत अजून चालते, पण मुद्दाम केलेली बनावट पकडायला नाही.

आणि इथेच ब्लॉकचेनबद्दल, म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर एकसारखी ठेवलेली, मागाहून बदलायला अवघड अशा नोंदवहीबद्दल बोलायला हवं, कारण "वारसा ब्लॉकचेनवर टाकला की अमर" असं सांगणारे लोक भेटतात. ब्लॉकचेनवर सहसा फाईल नसते, तिचा हॅश असतो. हॅशवरून फाईल बदलली हे कळतं, हरवलेली फाईल परत मिळत नाही, ६४ अक्षरांतून ४६ एमबीचं पान कुठलंही गणित उभं करू शकत नाही. क्लाउडचंही तेच, क्लाउड म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी कॉम्प्युटर आणि त्यांच्याशी केलेला करार. लोकांना स्वतःची वेबपानं बनवू देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, मायस्पेस या सोशल नेटवर्कने २०१९ मध्ये सांगितलं की २०१५ पर्यंत अपलोड झालेलं संगीत सर्व्हर हलवताना गेलं. इंटरनेट काही विसरत नाही हा समज या दोन उदाहरणांनंतर तरी सोडून द्यायला हवा.

बिट सांभाळले, आता ते उघडायचे. फाईलच्या नावामागचं एक्स्टेंशन खोटं असू शकतं, म्हणून सुरुवातीचे बाइट बघतात, जेपेग असेल तर पहिले तीन बाइट २५५, २१६, २५५ असतात, पीडीएफ असेल तर टक्क्याची खूण आणि मग पी, डी, एफ. अशा खुणांची मोठी नोंदवही ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्हजने केलीय, तिचं नाव प्रोनॉम, आणि ती वापरून फाईल ओळखणारं ड्रॉइड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ओळख पटली की दोन वाटा, फाईल नव्या फॉरमॅटमध्ये न्यायची किंवा जुनी मशीन सॉफ्टवेअरमध्ये जिवंत करायची, जसं डूम्सडेच्या बाबतीत झालं. पहिल्या वाटेत दर बदलात काहीतरी हरवण्याचा धोका, दुसरीत एम्युलेटरही सांभाळायला लागतो.

अर्थाचा प्रश्न मात्र कॉम्प्युटरवाल्यांना सगळ्यात कमी दिसतो. स्कॅनमध्ये पानाशेजारी रंगपट्टी, म्हणजे ठरलेल्या रंगांची पट्टी ठेवली नसेल तर पान खरंच पिवळं होतं की दिवा पिवळा होता हे नंतर कोणी सांगू शकत नाही. फोटो कोणी काढला, वस्तू कुठून आली, कोणती बाजू वर, हे लिहिलेलं नसेल तर बिट शंभर टक्के शाबूत असूनही हाती नुसतं चित्र उरतं. ओएआयएस नावाचं मॉडेल या क्षेत्रात सगळे वापरतात (आयएसओ १४७२१, पहिल्यांदा २००३), त्यात स्पष्ट म्हटलंय की आधी ठरवा तुम्ही कोणासाठी जपताय, आणि त्या लोकांना समजायला लागेल तेवढी माहिती सोबत ठेवा. हे मॉडेल लायब्ररीवाल्यांनी काढलं नाही, अंतराळ संस्थांच्या डेटा समितीने काढलं, कारण जुन्या मोहिमांचे आकडे पुढच्या शास्त्रज्ञांना समजायला हवे होते.

नीट केलं तर हाती काय येतं याचं उदाहरण म्हणजे ग्रीक गणिती आर्किमिडीजचं पॅलिम्प्सेस्ट, म्हणजे जुनं लिखाण खरवडून त्यावर नवं लिहिलेलं हस्तलिखित. दहाव्या शतकात केलेली त्याच्या लेखनाची प्रत तेराव्या शतकात खरवडून त्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या. वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात फोटो काढून, आणि काही पानांवर एक्स-रेने शाईतलं लोह शोधून, खालची अक्षरं वर आणली, आणि २००८ मध्ये सगळी चित्रं माहितीसकट सर्वांना मोफत दिली. मूळ पान हातात घेऊन जे दिसत नाही ते या फाईलमध्ये दिसतं.

सगळंच मोफत उघडं करावं असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू समाजाबरोबर तयार झालेलं मुकुर्तू हे सॉफ्टवेअर कोणती गोष्ट कोणी बघायची हे त्या समाजाच्या नियमांनुसार ठरवू देतं, निधन झालेल्या माणसांचे फोटो किंवा ठराविक विधींच्या गोष्टी सरसकट दिसत नाहीत. हे धडेही या कोर्समध्ये येतात, कॉपीराइटच्या कायद्यासोबत, आणि माझ्या मते ते हॅशइतकेच महत्त्वाचे आहेत.

कोणाला हे शिकायचं असेल तर इतिहासातून या किंवा कॉम्प्युटर सायन्समधून या, दोन्हीकडची मुलं इथे येतात आणि दोघांनाही अर्धं नवीन असतं, इतिहासवाल्यांना थोडं प्रोग्रॅमिंग आणि कॉम्प्युटरवाल्यांना वर्णन करण्याची शिस्त. कोर्स निवडताना अभ्यासक्रमात थ्रीडी आणि व्हर्च्युअल रिॲलिटीचे शब्द किती आहेत हे बघू नका, खऱ्या संग्रहावर काम करायला मिळतं का ते विचारा, आणि जुन्या फ्लॉपी, बिघडलेल्या फाईल, अर्धवट नोंदी असा अवघड माल विद्यार्थ्यांच्या हातात देतात का तेही विचारा.