डोराड: अरुंद नौका आणि तळाचे शिसे

2013 मध्ये लॉस एंजेलिस ते होनोलुलू ही सुमारे 2225 सागरी मैलांची ट्रान्सपॅक शर्यत डोराड या 83 वर्षांच्या लाकडी शिडाच्या नौकेने जिंकली. तिच्यासमोर कार्बन फायबरच्या नौका होत्या आणि अनेक जणी तिच्या आधी पोचल्याही होत्या. पण अशा शर्यतींत नौकेच्या बांधणीनुसार वेळेत सूट मिळते आणि त्या हिशेबाने डोराड पहिली ठरली. म्हणून या विजयाला कमी लेखू नये. हीच शर्यत तिने 1936 मध्ये जिंकली होती आणि तेव्हाच्या स्वतःच्या वेळेपेक्षा 2013 मध्ये ती एक दिवस लवकर पोचली.

तिचा आराखडा काढला तेव्हा ऑलिन स्टीफन्स 21 वर्षांचा होता. एमआयटीतले शिक्षण आजारपणामुळे सुरुवातीलाच सुटले होते. वडिलांनी पैसे घातले आणि 1930 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या सिटी आयलंडवर डोराड पाण्यात उतरली. लांबी 52 फूट, रुंदी फक्त सव्वादहा फूट! त्या काळी खोल समुद्रासाठी मच्छीमारी स्कूनरच्या (दोन किंवा अधिक डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजाच्या) घडणीच्या रुंद, जड नौकाच भरवशाच्या मानल्या जात. त्यांच्यापुढे ही फारच सडपातळ होती.

मग ती उलटत का नव्हती? नौकेला सावरणाऱ्या गोष्टी दोन: रुंदी आणि खाली ठेवलेले वजन. रुंद नौका कलली की पाण्यात गेलेली बाजू तिला वर रेटते, त्यामुळे सुरुवातीला ती ठाम वाटते. मात्र बरीच कलली की हा आधार झपाट्याने कमी होतो. अरुंद नौका वाऱ्याच्या पहिल्या झोतालाच झुकते, पण कण्याखाली खोलवर जोडलेले शिसे ती झुकेल तसे तिला अधिकाधिक जोराने मागे खेचते. शिवाय समोरून येणारी लाट अरुंद नौका कापत जाते. रुंद नौकेला तीच लाट अडवते.

तळाशी एवढे शिसे द्यायचे तर वरचा सांगाडा हलका हवा, आणि मला डोराडची खरी करामत इथे दिसते. जुन्या स्कूनरच्या फासळ्या जाड लाकडातून वळणदार कापलेल्या असत. अशा कापात लाकडाचे तंतू मध्येच तुटतात, म्हणून जाडी वाढवावी लागते. डोराडच्या फासळ्या पांढऱ्या ओकच्या, वाफेवर वाकवलेल्या. तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन वाफेच्या उष्णतेने मऊ होते, लाकूड वाकते आणि थंड झाल्यावर तो बाक टिकतो. तंतू फासळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहत असल्याने बारीक फासळीही पुरते. पांढऱ्या ओकच्या जलवाहिन्या आतून नैसर्गिकरीत्या बुजलेल्या असतात, त्यामुळे पाणी सहज मुरत नाही आणि लाकूड लवकर कुजत नाही. वरच्या फळ्या महोगनीच्या.

वेगाचेही एक गणित आहे. चालणारी नौका स्वतःच लाटा उठवते आणि पाण्याला टेकलेली तिची लांबी जितकी कमी, तितक्या लवकर ती त्या लाटांत अडकते. डोराड सरळ उभी असताना ही लांबी सुमारे सव्वासदतीस फूट भरते, म्हणजे वेग साधारण आठ नॉटवर, म्हणजे तासाला आठ सागरी मैलांवर, अडावा. पण ती कलली की पुढची-मागची लांबलचक टोकेही पाण्याला टेकतात आणि मर्यादा वर सरकते.

1931 च्या अटलांटिक शर्यतीत अमेरिकेतल्या न्यूपोर्टहून निघून ती सुमारे 17 दिवसांत इंग्लंडमधल्या प्लिमथला पोचली. तिच्यानंतरची नौका दोन दिवसांनी आली! त्याच वर्षी तिने फास्टनेट ही इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परतणारी शर्यतही जिंकली आणि परतल्यावर न्यूयॉर्कने स्टीफन्स मंडळींची मिरवणूक काढली.

ऑलिनचा भाऊ रॉड याने तिच्यासाठी काढलेली हवेची पेटी आज जगभरच्या नौकांवर दिसते आणि ‘डोराड’ याच नावाने ओळखली जाते. वारा पकडणाऱ्या भोंग्यासारख्या तोंडातून वारा आणि तुषार दोन्ही डेकवरच्या पेटीत येतात. जड पाणी खाली पडून पेटीच्या भोकांवाटे वाहून जाते. केबिनमध्ये उतरणारी नळी भोंग्यापासून बाजूला, पेटीच्या तळापेक्षा उंच ठेवलेली असते, म्हणून तिच्यात फक्त हवा शिरते.

एक दोष मात्र राहिलाच. वारा मागून असला की डोराड जबरदस्त हेलकावे खाते. ती अती अरुंद झाली हे ऑलिननेही पुढे मान्य केले. 1934 च्या ‘स्टॉर्मी वेदर’ला त्याने सुमारे साडेबारा फूट रुंदी दिली आणि पुढच्याच वर्षी त्या नौकेनेही अटलांटिक शर्यत आणि फास्टनेट दोन्ही जिंकल्या.