मुंग्या येतात, चरबी जात नाही

प्री-वर्कआउटची, म्हणजे व्यायामाआधी घ्यायची पावडर पाण्यात ढवळून प्यायली की पंधरा-वीस मिनिटांत कान गरम होतात, ओठांना आणि मानेला मुंग्या येतात. जळगाव-धुळ्याच्या जिममध्ये यावर पोरं म्हणतात, "लागली भो!" आणि ज्या डब्याने जास्त मुंग्या येतात तो डबा जास्त भारी, असं ठरून जातं. या मुंग्या येतात बीटा-अलानिन नावाच्या अमिनो आम्लामुळे. ते त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांना चेतवतं, बाकी काही नाही. स्नायूंना त्या वेळी त्याचा पत्ताही नसतो.

बीटा-अलानिनचं खरं काम सावकाश चालतं. स्नायूत त्यापासून कार्नोसिन तयार होतं आणि जोराच्या व्यायामात वाढणारी आम्लता ते थोपवून धरतं. हा साठा वाढायला मात्र रोज ४ ते ६ ग्रॅम, असं निदान चार आठवडे घ्यावं लागतं. आज प्यायलो आणि आजच वेगात पळालो, असं होत नाही. फायदा दिसतो तोही मुख्यतः एक ते चार मिनिटं चालणाऱ्या कष्टाच्या कामात, आणि थोडकाच. पहाटे मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना यातून एक गंमत कळेल. मुलींची ८०० मीटरची धाव या वेळेत नेमकी बसते, मुलांची १६०० मीटर तिच्या बाहेर सरकते आणि १०० मीटर तर काही सेकंदांत आटोपते. गोळाफेकीचं नावच नको.

डब्यातलं जे लगेच जाणवतं ते कॅफीनचं काम. जागेपणी मेंदूत अडिनोसिन साठत जातं आणि ते पेशींवरच्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की आपल्याला थकवा जाणवतो, झोप येते. कॅफीन एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसं त्या जागा आधीच अडवून ठेवतं. अडिनोसिन असतं, पण त्याला बसायला मिळत नाही. थकवा गेलेला नसतो, तो कळत नसतो. कामगिरी यामुळे खरोखर सुधारते, याचे पुरावे भक्कम आहेत. वजनाच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम ही अभ्यासांत वापरली जाणारी मात्रा. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅमपासून पुढे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंतचं कॅफीन चिंतेचं नाही, असं मत दिलं. बाजारातल्या अनेक डब्यांच्या एका चमच्यात १५० ते ३०० मिलिग्रॅम असतं. घरच्या कपभर चहात साधारण ३० ते ५०. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, बाजार समितीत चहा, टपरीवर चहा. मोठा चमचा घेणाऱ्याने हे कपही मोजायला हवेत.

पण कॅफीनमध्ये उष्मांक नसतात. पळताना जळायचं ते पोटातलं आणि स्नायूंत साठलेलं अन्न. केळीच्या जळगाव जिल्ह्यात राहून इंधन डब्यात शोधणं मला तर अजबच वाटतं. २०१२ साली अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन स्टेट विद्यापीठात १४ सायकलपटूंना ७५ किलोमीटर सायकल चालवायला लावली होती. एकदा केळी देऊन, एकदा साखरेचं क्रीडापेय देऊन. दोन्ही वेळा लागलेला वेळ जवळपास सारखाच होता. १०० ग्रॅम केळ्यात साधारण ९० उष्मांक, २३ ग्रॅम कर्बोदकं आणि साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. शास्त्र सोडा, रावेर-यावलच्या मजुराला हे आधीच माहीत आहे.

आता चरबी. डब्यावर 'फॅट बर्न' लिहिण्याला आधार अगदीच नाही असं नाही. १०० मिलिग्रॅम कॅफीनने विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च अडीच तासांपर्यंत ३ ते ४ टक्क्यांनी वाढल्याचं मोजलेलं आहे. हे ऐकायला बरं वाटतं, म्हणून आकडा मांडून बघू. नुसतं बसून दिवसाला १६०० उष्मांक खर्च करणारा माणूस अडीच तासांत साधारण १६५ खर्च करतो. त्याचे ४ टक्के म्हणजे ६-७ उष्मांक. शेंगदाण्याचा एक दाणा! मात्रा तिप्पट केली तरी वीसेक. शेवभाजीवर तरंगणाऱ्या तर्रीतलं मोठा चमचाभर तेल शंभराच्या वर जातं, आणि एक किलो चरबी उतरवायची तर सुमारे ७,७०० उष्मांकांची तूट लागते. व्यायाम करताना चरबी थोडी जास्त जळते हेही खरं. पण शरीर हिशेब दिवसभराचा ठेवतं. सकाळी चरबी जास्त वापरली तर नंतर कर्बोदकं जास्त वापरतं. खाण्यात तूट नसेल तर त्या जळण्याने पोट आत जात नाही.

कार्निटिनचीही हीच गत. चरबीचे रेणू पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागात पोचवायला ते लागतं, म्हणून जाहिरात करणाऱ्यांना सोपं जातं. पण निरोगी शरीर ते स्वतः बनवतं, आणि तोंडाने घेतलेलं फारच थोडं शोषलं जातं. स्नायूंतलं कार्निटिन खरंच वाढवून दाखवणारा एक अभ्यास २०११ मध्ये झाला. त्यात रोज दोन वेळा २ ग्रॅम कार्निटिनसोबत ८० ग्रॅम कर्बोदकं दिली होती, सलग २४ आठवडे. वजन कमी करण्यासाठी रोज वरचे ६४० उष्मांक प्यायचे, असा तो मामला.

उलट नुकसान होऊ शकतं ते झोपेतून, आणि त्याबद्दल जिममध्ये फारसं कुणी बोलत नाही. कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. दुकान बंद करून रात्री आठला जिमला जाणाऱ्याने २०० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री एकला त्यातलं १०० अंगात असतं. शिकागो विद्यापीठाच्या २०१० सालच्या एका छोट्या अभ्यासात दहा जाड व्यक्तींना १४ दिवस तेच मोजकं जेवण दिलं. एका फेरीत झोपायला साडेआठ तास, दुसऱ्या फेरीत साडेपाच. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं. पण कमी झोपेच्या फेरीत गेलेली चरबी ५५ टक्क्यांनी कमी होती, आणि त्या जागी स्नायू घटले होते.

याच डब्यांतल्या सिट्रुलिनबद्दल थोडक्यात. ते १९१४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना टरबुजाच्या रसात सापडलं, तेच आपलं तापीच्या पात्रात पिकणारं टरबूज. शरीरात त्याचं आर्जिनिन आणि पुढे नायट्रिक ऑक्साइड होतं, रक्तवाहिन्या सैलावतात, दंड फुगल्यासारखे दिसतात. आरशात छान वाटतं. चरबीशी त्याचा संबंध नाही.

क्रिएटिन मात्र चांगलं. जोराच्या हालचालीत स्नायूंना लागणारं एटीपी, म्हणजे पेशींचं तयार इंधन, ते झटपट भरून काढतं. ते प्रामुख्याने मांस-मासळीतून मिळतं, म्हणून माळकरी घरातल्या शाकाहारी पोरांच्या स्नायूंत त्याचा साठा मुळात कमी असतो आणि फरक जास्त जाणवू शकतो. रोज ३ ते ५ ग्रॅम, कुठल्याही वेळी. व्यायामाआधीच घ्यायची गरज नाही, त्यामुळे महागड्या मिश्रणातही नको; साधी क्रिएटिन मोनोहायड्रेटची पुडी पुरते. स्नायूंत पाणी धरल्याने सुरुवातीला वजन किलो-दीड किलो वाढतं. वजन उतरवायला निघालेला त्यानेच घाबरून सोडून देतो.

काळजी खरी आहे ती उन्हाळ्याची. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या शेडमधली जिम संध्याकाळी सातलाही तापलेली असते. अशा वेळी थकवा हा शरीराचा थांबण्याचा इशारा असतो, आणि आपण नेमका तोच दाबलेला असतो. फेब्रुवारी २००३ मध्ये फ्लोरिडात सराव करताना बॉल्टिमोर ओरिओल्सचा २३ वर्षांचा बेसबॉलपटू स्टीव्ह बेक्लर उष्माघाताने गेला. तो वजन कमी करण्यासाठी इफेड्रा ही उत्तेजक वनस्पती असलेल्या गोळ्या घेत होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेने पूरक आहारात इफेड्राला बंदी घातली. त्यानंतर डब्यांत कडू संत्र्याचं सिनेफ्रिन आलं, योहिम्बिन आलं. दोन्ही रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढवू शकतात, कॅफीनसोबत जास्तच. रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा घाबरण्याचा त्रास असेल तर ही नावं लेबलवर दिसताच डबा जागेवर ठेवावा.

लेबल वाचणंही सोपं ठेवलेलं नसतं. 'एनर्जी ब्लेंड ७ ग्रॅम' असं लिहून आत कशाचं किती, ते गुलदस्त्यात. एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक परवाना सांगतो, परिणाम नाही. तालमीतून पुढे राज्य-राष्ट्रीय स्पर्धांना जाणाऱ्या मल्लांनी तर दुप्पट जपावं. कॅफीन २००४ पासून खेळातल्या उत्तेजकांच्या बंदीच्या यादीत नाही, पण डीएमएए नावाचं उत्तेजक आहे, आणि ते काही डब्यांवर जिरेनियमचा अर्क अशा साळसूद नावाने येतं. नमुन्यात ते सापडलं की जबाबदारी खेळाडूची; डब्यावर नाव नव्हतं, हे सांगून सुटका होत नाही.