घाटातल्या वळणावर ताकद जाते कुठे?

कराडकडच्या काळ्या रानात उसाचा ट्रॅक्टर रुतला की हमखास एक गोष्ट दिसते. एक चाक जागच्या जागी गरगरत चिखल उडवतं आणि दुसरं, जरा कोरड्या जागेवरचं, ढिम्म उभं असतं. ड्रायव्हर डिफ लॉकचं, म्हणजे डिफरन्शियल जखडण्याचं, पेडल दाबतो, दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात आणि ट्रॉली हलते. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढताना, तीव्र वळणातून बाहेर पडत ॲक्सिलरेटर दाबला की स्पोर्ट्स कारचंही हेच होतं. आतलं चाक नुसतं टायर घासतं, इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र पुढे झेपावत नाही. यावरचा इलाज म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. तो कसा चालतो आणि कसा बसवतात ते पाहू.

मुळात डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरांचा संच, लागतोच कशाला? वळणात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं म्हणून. किती जास्त, याचं गणित मला फार देखणं वाटतं. वळण मोठं आहे की छोटं, याने काहीच फरक पडत नाही. गाडी किती अंशांत वळली आणि डाव्या-उजव्या चाकांत किती अंतर आहे, एवढ्यावरच ते ठरतं. चाकांमध्ये १.५ मीटर अंतर असेल आणि गाडी पूर्ण उलटी, म्हणजे १८० अंशांत वळली, तर फरक ३.१४ गुणिले १.५, म्हणजे सुमारे ४.७ मीटर. चाकाचा घेर १.९ मीटर धरला तर बाहेरचं चाक त्या एका वळणात जवळपास अडीच फेरे जास्त फिरतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती तर हे अडीच फेरे टायरने रस्त्यावर घासूनच भरून काढले असते. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी यावर गिअरचा तोडगा काढला. आजच्या साध्या डिफरन्शियलचं तत्त्व तेच आहे.

या तोडग्याची एक अट आहे. चाकांना वेगवेगळे फेरे घेता येतात, पण पिळाचं बल, म्हणजे टॉर्क, दोन्ही चाकांना सारखाच मिळतो. दोन भावांत वाटणी करताना धाकट्याला पेलेल तेवढंच थोरल्याच्याही पदरात टाकावं, तसं हे आहे. वळणात गाडीचं वजन बाहेरच्या बाजूला सरकतं आणि आतलं चाक हलकं होतं. समजा ते ३०० न्यूटन-मीटरपुढे घसरतं आणि बाहेरचं ९०० पेलू शकतं. साधा डिफरन्शियल दोघांना ३००-३०० देणार, एकूण ६००. बाहेरच्या चाकाची उरलेली कुवत तशीच पडून राहते.

ट्रॅक्टरसारखं दोन्ही चाकांना कायमचं जखडून टाकलं तर? डांबरी घाटात गाडी वळायलाच नकार देईल. म्हणून मधला मार्ग हवा: फरकाने फिरू द्यायचं, पण बेफाम फिरू द्यायचं नाही. यालाच लिमिटेड स्लिप डिफरन्शियल म्हणतात, बोलताना नुसतं एलएसडी. जर्मनीच्या ऑटो युनियन कंपनीच्या शर्यतीच्या गाडीत इतकी ताकद होती की ताशी १६० किलोमीटरपर्यंत कुठल्याही वेगाला मागचं एक चाक नुसतं गरगरायचं. ते थोपवायला त्या गाडीचे रचनाकार फर्डिनांड पोर्शे यांनी १९३५ मध्ये झेडएफ कंपनीकडे असा डिफरन्शियल बनवायचं काम दिलं.

बाजारात मिळणारे एलएसडी मुख्यतः दोन जातींचे. पहिला क्लच प्लेटचा. डिफरन्शियलच्या आतल्या छोट्या गिअरांचा आडवा दांडा दोन कड्यांमधल्या उतरत्या खाचांमध्ये बसलेला असतो. ॲक्सिलरेटर दाबला की दांडा त्या उतारावर चढतो, कडी बाहेर ढकलली जातात आणि प्लेटा एकमेकींवर आवळल्या जातात. जितका जोर जास्त, तितकी पकड जास्त. उताराचा कोन बदलून ही पकड फक्त वेग घेताना ठेवायची, की ॲक्सिलरेटर सोडल्यावरही, हे ठरवता येतं. दुसरा तिरप्या दात्यांचा, म्हणजे हेलिकल. त्यात प्लेटा नसतात. जोर आला की गिअर हाऊसिंगच्या, म्हणजे भोवतीच्या कवचाच्या, भिंतींवर दाबले जातात आणि त्या घर्षणातून काम होतं. तो कमी पकडीच्या चाकाच्या टॉर्कला ठराविक पटीने गुणून दुसऱ्याला देऊ शकतो. पट २.५ असेल तर वरच्या उदाहरणात ३०० आणि ७५०, एकूण १०५०. इंजिनात एक पैशाचा बदल न करता ६०० चे १०५० झाले!

पण शून्याला अडीचने गुणलं तरी शून्यच. आतलं चाक पार हवेत उचललं गेलं की हेलिकल हतबल होतो. अशा वेळी त्या चाकाला हलका ब्रेक लागला तर त्याला टेकायला काहीतरी मिळतं आणि दुसऱ्या बाजूला जोर पोचतो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मी तरी हेलिकलच सुचवेन. त्याला झिजणाऱ्या प्लेटा नाहीत, हळू वळताना कटकट नाही. क्लच प्लेटचा शर्यतीच्या ट्रॅकवर शोभतो.

आता बसवण्याचं काम. खरी कसोटी इथेच आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटात असतो, म्हणजे आधी गिअरबॉक्स उतरवा. मागच्या चाकांवर चालणारी असेल तर मागचं हाऊसिंग उघडायचं. जुन्या डिफरन्शियलवरचं क्राऊन व्हील, म्हणजे त्याला फिरवणारं मोठं दातेरी चाक, काढून नव्यावर चढवताना ते तापवून थोडं फुगवतात, म्हणजे हातोडीचे घाव न घालता सरळ बसतं. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचे. मग मागच्या हाऊसिंगमध्ये बेअरिंगच्या बाजूच्या शिमा, म्हणजे पातळ चकत्या, कमी-जास्त करत क्राऊन आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, यांच्यातला बॅकलॅश जुळवायचा. बॅकलॅश म्हणजे दात्यांमधला मोकळा खेळ. हा खेळ अनेक गाड्यांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा. बारीक हालचाल मोजणाऱ्या डायल गेजची सुई क्राऊनच्या एका दात्याला टेकवतात, पिनियन घट्ट धरतात आणि क्राऊन हलकेच मागे-पुढे हलवतात. एकाच जागी मोजून भागत नाही, क्राऊन फिरवत वेगवेगळ्या दात्यांवर मोजायचं.

त्यानंतर दात्यांना रंग लावून क्राऊन फिरवतात. रंग दात्याच्या मधोमध पुसला गेला तर बैठक बरोबर. कडेला किंवा मुळाशी सरकला तर पुन्हा खोलायचं, शिम बदलायची, पुन्हा रंग लावायचा. कंटाळवाणं काम आहे, पण जो मिस्त्री ते टाळतो त्याच्याकडे गाडी देऊ नये. चुकलेला डिफरन्शियल काही दिवसांतच ठराविक वेगाला कण्हायला लागतो आणि तेव्हा क्राऊन-पिनियनची जोडीच बदलावी लागते. वॉरंटी आणि विम्याचं काय होणार, हेही कंपन्यांना आधीच लेखी विचारून घ्यावं.

गाडी रस्त्यावर आली की काही सवयी बदलाव्या लागतात. एक चाक जॅकवर उचलून गाडी गिअरमध्ये चालू करायची नाही, कारण जमिनीवरचं चाक तिला जॅकवरून खाली ढकलेल. एलएसडी बसवलेल्या चाकांच्या जोडीला दोन वेगळ्या घेराचे टायर ठेवायचे नाहीत, नाहीतर सरळ रस्त्यावरही एलएसडी सतत घासत राहतो. कासच्या रस्त्यावर पावसाळ्यात तर जपूनच. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं तरी दुसरं गाडीची शेपूट धरून ठेवतं. एलएसडीत दोन्ही चाकं एकदम घसरू शकतात आणि शेपूट झपकन बाहेर जाते.

प्लेटवाल्याला त्याच्यासाठी सांगितलेलंच गिअर ऑइल लागतं. सुरुवातीला मोकळ्या मैदानात हळूहळू इंग्रजी आठाच्या आकाराचे फेरे मारून प्लेटा एकमेकींवर बसू द्यायच्या आणि ते पहिलं ऑइल लवकर बदलायचं. ऑइल काढताना ड्रेन प्लगचं, म्हणजे खालच्या बुचाचं, चुंबक पाहा. त्यावर बारीक राखाडी लेप असेल तर पुसून प्लग परत लावा. बोटाला टोचणारे कण सापडले तर मात्र नवं ऑइल भरू नका, हाऊसिंग उघडा.