आठव्या महिन्यातला बहिरेपणा

पाच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू ‘बस’ म्हटलं की टुणकन बसतं. तीन महिन्यांनी तोच शब्द ऐकून एक कान तेवढा वळतो, म्हणजे ऐकू गेलेलं असतं, पण स्वारी निघते चपलेकडे. शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं असं वाटतं ते इथेच.

२०२० साली संशोधक लूसी अ‍ॅशर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये अंधांसाठी तयार होणाऱ्या कुत्र्यांची हीच परीक्षा घेतली, पाचव्या महिन्यात आणि पुन्हा आठव्या महिन्यात. आठव्या महिन्यात पिल्लं ‘बस’ला जुमानेनाशी झाली, पण फक्त सांभाळणाऱ्याच्या. परक्यानं सांगितलं की बसत होती! म्हणजे शब्द डोक्यात शाबूत होता, बिनसलं होतं ते घरच्यांशी. (चौदा वर्षांचं पोर शेजाऱ्यांकडे किती गुणी असतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना नवल वाटू नये.) ज्यांचं माणसाशी असलेलं नातं जरा असुरक्षित, त्यांच्यात हा हट्टीपणा अधिक होता. आणि वर्षाची झाल्यावर गाडी पुन्हा रुळावर आली होती.

बहुतेक कुत्री सहा ते नऊ महिन्यांत वयात येतात, थोराड जातींना वर्षही लागतं. नेमक्या याच काळात अनेक माणसांचा धीर सुटतो आणि आवाज चढतो, पट्ट्याला हिसके बसू लागतात. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात धाकानं शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ताणाच्या खुणा जास्त दिसल्या, शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरकही, वाढलेलं सापडलं. घरच्यांशी आधीच बिनसलेलं असताना त्यात ही भर कशाला?

फसगत होते ती आणखी एका ठिकाणी. अंगावर उड्या मारणाऱ्या पिल्लाकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं, की उड्या आधी वाढतात. आजवर हमखास मिळणारं लक्ष मिळेना, तेव्हा ते जोर लावून बघतं. चौथ्या-पाचव्या उडीला आपण ‘अरे, बस की आता!’ म्हणून त्याला ढकललं, तर ते शिकतं एवढंच, की पाच उड्या मारल्या की काम होतं. त्यापेक्षा पाठ फिरवावी आणि चारही पाय जमिनीला टेकले की त्याच क्षणी खाऊ द्यावा. दोन सेकंद उशीर झाला तर बक्षीस भलत्याच गोष्टीचं होतं.

‘बस, बस, बस’ असा जपही नको. एकदाच म्हणावं, आणि नाही जमलं तर शांत खोलीत, जिथे चप्पल दिसत नाही तिथे, पुन्हा सोप्यापासून सुरुवात करावी.

रोज तासभर घोटून घेण्याचा आग्रह तर सोडूनच द्यावा. डेन्मार्कमध्ये ४४ बीगल कुत्र्यांना टोपलीत जाऊन थांबायला शिकवलं, काहींना रोज आणि काहींना आठवड्यातून एक-दोनदाच. कमी वेळा शिकवलेल्यांना कमी शिकवण्या लागल्या. चार आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तर धडा दोन्ही गटांच्या सारखाच लक्षात होता.